एडिसनची केस, ठाण्याचं लग्न

पत्र: मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करतो. जानेवारीत मित्राकडून परतताना पोलिसांनी गाडी अडवली. बेड्या घालून स्टेशनात नेलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, दारूचं प्रमाण ०.११ आलं. पहाटे मित्राबरोबर सोडून दिलं. कोर्टाची तारीख एप्रिलमध्ये आहे. तो म्हणतो, "बाबा, इथे हा गुन्हा नाहीच, ट्रॅफिकचं तिकीट आहे." पासपोर्टवरचा व्हिसा पुढच्या सप्टेंबरपर्यंत चालतो. धाकट्या मुलीचं लग्न १४ मे रोजी ठाण्यात आहे, भावाशिवाय कानपिळी कोण करणार? त्याचा पहिला व्हिसा फॉर्म वाशीतल्या एका एजंटाने भरला होता. तो आता म्हणतो, साठ हजार द्या, फॉर्मवर 'अटक नाही' लिहू, पुढचं मी बघतो. काय करावं? — एक वडील, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर:

आधी निकाल सांगतो, मग कारणं. आजच्या घडीला मुलाला १४ मेच्या लग्नाला बोलावू नका. तो आला तर कानपिळीला उभा राहील, पण परत कधी जाईल हे त्याच्या हातात नसेल, तुमच्या नसेल आणि वाशीच्या एजंटाच्या तर मुळीच नसेल. एप्रिलमध्ये केसचा निकाल लागला आणि कंपनीने दोन-तीन महिने भारतात थांबायची लेखी परवानगी दिली, तर पुन्हा बघता येईल. दोन्ही होतीलच असं धरून तिकीट काढू नका.

मुलगा तुमच्याशी खोटं बोललेला नाही, अर्धं बोललाय. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं खरोखरच फौजदारी गुन्ह्यांत मोडत नाही. ते वाहतुकीच्या कायद्यात येतं, खटला म्युनिसिपल कोर्टात चालतो आणि ज्युरी नसते. हेच टेक्सासात घडलं असतं तर पहिल्याच खेपेला 'क्लास बी मिसडिमीनर', म्हणजे किरकोळ वर्गातला पण फौजदारी गुन्हा, आणि १८० दिवसांपर्यंत कैद. त्यामुळे टेक्सासातल्या डॅलसमधल्या कोणा मित्राचा अनुभव एडिसनला लावू नये, एडिसनचा डॅलसला लावू नये. पण व्हिसा देणारं खातं राज्याने या कृत्याला काय नाव दिलंय ते विचारत नाही. दारू होती का, स्टिअरिंग हातात होतं का, अटक झाली का, एवढंच विचारतं. बेड्या घालून स्टेशनात नेलं म्हणजे अटक झाली, मग पहाटे चहा पाजून सोडलं असलं तरी. आणि गंमत बघा, न्यू जर्सीत हा गुन्हा नसल्यामुळेच गुन्ह्याची नोंद पुसून घेण्याची जी सोय तिथे असते तीही या केसला मिळत नाही.

आकडा काय सांगतो तेही समजून घ्या. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती ८० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०८, एकट्या यूटात ०.०५. तुमच्या मुलाचं ०.११, म्हणजे ११० मिलिग्रॅम. न्यू जर्सीत ०.१० ते ०.१५ च्या पट्ट्यात पहिल्या वेळी ३०० ते ५०० डॉलर दंड, ३० दिवसांपर्यंत कैदेची तरतूद आणि १२ ते ४८ तासांचे सक्तीचे वर्ग. शिवाय गाडीत सात महिने ते एक वर्ष इंटरलॉक, म्हणजे नळीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरूच न होणारं यंत्र. वर तीन वर्षं दरसाल १,००० डॉलरचा अधिभार. ही यादी तुम्हाला घाबरवायला नाही दिली. यातली प्रत्येक गोष्ट पुरी केल्याचा कागद मुंबईत मागितला जाऊ शकतो, म्हणून दिली.

आता मुख्य गोष्ट: व्हिसा आणि स्टेटस (तिकडे राहायची परवानगी) या दोन वेगळ्या चिजा आहेत, आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. व्हिसा म्हणजे गडकरी रंगायतनच्या दारावर दाखवायचं तिकीट. आत खुर्चीत बसल्यावर हातातलं तिकीट हरवलं तरी कोणी उठवत नाही. पण मध्यंतरात वडा खायला बाहेर रस्त्यावर आलात की परत आत सोडत नाहीत. मुलाची खुर्ची म्हणजे त्याचा आय-९४ (देशात प्रवेश दिल्याची नोंद) आणि कंपनीने घेतलेली एच-१बीची मंजुरी. साध्या, एकट्या ड्रंक ड्रायव्हिंगने ती खुर्ची आपोआप जात नाही. इमिग्रेशन अपील मंडळाने २००१ मध्येच म्हटलं की साधं ड्रंक ड्रायव्हिंग हे 'नैतिक अधःपतनाचं' कृत्य ठरत नाही. २००४ मध्ये लिओकल खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निष्काळजीपणाने इजा झाली तरी तेवढ्याने तो 'हिंसक गुन्हा' होत नाही. म्हणून तो तिकडे राहून नोकरी करत असेल तर हद्दपारीच्या भीतीने तुम्ही रात्र रात्र जागायचं कारण नाही.

तिकिटाचं, म्हणजे व्हिसाचं, मात्र वेगळं आहे. नोव्हेंबर २०१५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे: मागच्या पाच वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याची अटक दिसली की व्हिसा खबरदारी म्हणून रद्द करता येतो. शिक्षा व्हावी लागत नाही, केसचा निकालही लागलेला असावा लागत नाही. व्हिसा मिळण्याआधीचीच अटक असेल आणि ती तपासून व्हिसा दिला असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या मुलाची अटक नंतरची आहे. रद्द झाल्याचं कळतं ते साध्या ईमेलने, आणि त्यात बहुधा लिहिलेलं असतं की देश सोडला की हा निर्णय लागू होईल. पत्र आलं तर त्यातलं नेमकं वाक्य वकिलाकडून वाचून घ्या, अंदाजाने अर्थ लावू नका. पासपोर्टवरचा छाप तसाच चकचकीत दिसत राहतो. फरक कळतो तो परतीच्या दिवशी, मुंबई विमानतळावर, बॅगा काट्यावर ठेवल्यावर. "व्हिसा सप्टेंबरपर्यंत चालतो" हे वाक्य म्हणून आम्ही जमेस धरत नाही.

समजा तो आला आणि नवीन स्टॅम्पिंग करायची, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायची वेळ आली. पूर्वी ड्रॉपबॉक्समध्ये पासपोर्ट टाकून काम व्हायचं. २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीसह बहुतेक वर्गांना ती सवलत बंद झाली. आता मुलाखत होणारच. आधी डीएस-१६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म, मग एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, मग बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख कधीची मिळते हे तिकीट काढण्याआधी बघायचं, नंतर नव्हे. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ वाल्यांची समाजमाध्यमंही तपासली जातात आणि खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. तेव्हा थर्टी फर्स्टचे ग्लास उंचावलेले फोटो घरच्यांनी त्याला टॅग करून टाकले असतील तर तेही कोणीतरी वाचणार आहे.

खिडकीवरच्या अधिकाऱ्याने अटक पाहिली की तो 'नाही' म्हणत नाही आणि 'हो'ही म्हणत नाही. २२१(जी)ची, म्हणजे निर्णय राखून ठेवल्याची, चिठ्ठी देतो आणि वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरकडे पाठवतो. नियम स्पष्ट आहे: मागच्या पाच वर्षांत दारूशी संबंधित एक अटक किंवा मागच्या दहा वर्षांत दोन, तर वैद्यकीय तपासणी. यामागचा कायदा गुन्ह्यांचा नाही, आरोग्याचा आहे. दारूचा विकार आणि त्यातून इतरांना धोका होईल असं वागणं, हे दोन्ही जुळलं तर प्रवेश नाकारता येतो. गाडी चालवणं हे ते धोकादायक वागणं. विकार आहे का, एवढंच डॉक्टरने ठरवायचं असतं. आपल्या फॅमिली डॉक्टरचं "मी याला लहानपणापासून ओळखतो" असं पत्र इथे उपयोगाचं नाही, आणि व्यसनमुक्ती केंद्राचं घाईघाईने आणलेलं सर्टिफिकेटही नाही. अहवाल नेमलेला डॉक्टरच देतो आणि तो थेट वकिलातीकडे जातो.

या तपासणीत माणसं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात ते एका वाक्यामुळे: "डॉक्टर, फक्त दोन पेग घेतले होते." हिशेब करून बघा. आपला लार्ज पेग ६० मिलिलिटरचा, दारू ४२.८ टक्क्यांची, म्हणजे एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ७५ किलोचा पुरुष, दोन लार्ज: सगळं एकदम रक्तात उतरलं असं धरलं तरी आकडा ०.०८ च्या आसपास, आणि दर तासाला त्यातून साधारण ०.०१५ उतरत जातं. पार्टी सुरू झाल्यावर दोन तासांनी ०.११ यायला साडेतीन लार्ज तरी लागतात. कोर्टाच्या कागदावर ०.११ डॉक्टरच्या समोरच असतं. दोन पेग म्हणणारा एक तर खोटं बोलतोय किंवा आपण किती पितो याचा त्याला पत्ता नाही. डॉक्टरला दोन्ही सारखंच वाईट दिसतं. अमेरिकन मोजणीत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम, हेही मुलाला सांगा, कारण तिकडच्या वर्गांत तो ड्रिंक मोजेल आणि इकडे पेग, आणि उत्तरं जुळणार नाहीत. किती, किती वेळात, आठवड्यातून किती वेळा, त्या रात्रीनंतर काय बदललं: चार प्रश्नांची खरी, सरळ उत्तरं. एकच अटक, अपघात नाही, पूर्वीचा काही इतिहास नाही, असं असेल तर बहुतेकदा विकार नाही असा शेरा येतो आणि गाडी पुढे सरकते. विकार आहे असा 'क्लास ए' शेरा आला तर १२ महिने विकार आटोक्यात असल्याचं दिसल्याशिवाय दार उघडत नाही. या सगळ्याला लागणारा वेळ कोणी लिहून देत नाही. आणि मध्येच कंपनीचा धीर सुटला, तर नोकरी गेल्यावर मिळणारी ६० दिवसांची सवलत अमेरिकेत बसलेल्याला असते. पाचपाखाडीत बसलेल्याला नाही.

केस चालू असताना येणं तर सगळ्यांत वाईट. निकाल न लागलेली केस बघितली की अधिकारी फाइल बाजूला ठेवतो, निकाल आणा म्हणतो. निकाल आणायला कोर्टात जावं लागतं, कोर्टात जायला व्हिसा लागतो. त्यात एप्रिलची तारीख पुढे ढकलली गेली आणि मुलगा ठाण्यात राहिल्यामुळे चुकली, तर त्याच्या नावाने वॉरंट निघू शकतं, आणि मग साधी केस साधी राहत नाही.

म्हणून एप्रिलपर्यंतचं काम न्यू जर्सीत आहे. मुलाला दोन वकील हवेत, किंवा निदान दोघांचं बोलणं एकमेकांशी व्हायला हवं: एक तिथल्या म्युनिसिपल कोर्टात रोज उभा राहणारा, दुसरा इमिग्रेशनचा. कंपनीचा इमिग्रेशन वकील कंपनीचाही वकील असतो, हे विसरू नये. स्वतःचा वेगळा सल्ला घेतलेला बरा. न्यू जर्सीत या केसेसमध्ये तडजोडीला २०२४ पर्यंत बंदी होती, आता मुभा आहे. त्यामुळे वकील म्हणेल, रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंगवर आणतो. चांगलंच आहे, लायसन्स आणि विमा वाचतो. पण शिक्षेचं नाव बदललं तरी अटक तीच राहते आणि बीकेसीतली तपासणीही टळत नाही. आणि कुठलंही 'हलकं' कलम इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय कबूल करायचं नाही, कारण दंडाने हलकं असलेलं कलम इमिग्रेशनमध्ये जड निघू शकतं. लायसन्स निलंबित आहे हे माहीत असूनही पिऊन गाडी चालवली, गाडीत लहान मूल होतं, किंवा नशा गांजाची होती, या तिन्ही केसेस साध्या ड्रंक ड्रायव्हिंगच्या पंक्तीत बसत नाहीत. तिथे खुर्चीच धोक्यात येते. "कोर्टाने आरोप मागे घेतला, आता काहीच नाही" यावरही विसंबू नये. इमिग्रेशन कायद्याची 'दोषसिद्धी' कोर्टापेक्षा रुंद आहे: आरोपीने कबुली दिली आणि न्यायाधीशाने थोडीशी का होईना शिक्षा किंवा बंधन घातलं, तर पुढे आरोप रद्द झाला तरी ती दोषसिद्धी धरली जाते.

निकाल लागला की त्याच आठवड्यात कोर्टाच्या शिक्क्याची निकालपत्राची प्रत घ्यायला सांगा, एक नव्हे तीन. पोलिसांचा अहवाल, मशीनच्या वाचनाची पावती, दंड भरल्याच्या पावत्या, वर्ग पुरे केल्याचं पत्र, इंटरलॉक काढायची परवानगी, लायसन्स परत मिळाल्याची नोंद, हे सगळं एका फोल्डरमध्ये. इथे आल्यावर एखादा कागद कमी निघाला तर तो तिकडून मागवताना आठवडे जातात, आणि तुमच्या लग्नघरात त्याच आठवड्यांत केळवणं चालू असतात.

आता त्या साठ हजारांबद्दल. डीएस-१६० वर प्रश्न असा आहे की तुम्हाला कधीही अटक किंवा शिक्षा झाली आहे का, माफी मिळाली असली तरीही. एजंटाचं गणित आम्हाला ठाऊक आहे: न्यू जर्सीत अशा केसेसमध्ये काही ठिकाणी बोटांचे ठसे घेत नाहीत, मग अमेरिकेच्या केंद्रीय यादीत नोंद जात नाही, मग कोणाला कळतंय. कधीकधी खरंच कळत नाही. पण आज कळलं नाही तरी पाच वर्षांनी ग्रीन कार्डच्या अर्जात तोच प्रश्न पुन्हा येतो, तेव्हा 'हो' लिहिलं तर आजचं 'नाही' उघडं पडतं. एकटी ड्रंक ड्रायव्हिंगची अटक काळाबरोबर मागे पडते. महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मिळवल्याचा ठपका मात्र कायमची प्रवेशबंदी आणतो, आणि तो पुसायला वर्षं मोजली जात नाहीत. फॉर्म एजंटाने भरला असला तरी सही मुलाची असते. साठ हजारात न्यू जर्सीतल्या इमिग्रेशन वकिलाचा एक-दोन तासांचा सल्ला सहज मिळतो. तिथे द्या.

तुमच्या घरात आणखी कोणी परदेशात असेल म्हणून थोडक्यात. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने अटकेनंतर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला अंधारात ठेवू नये. एप्रिल २०२५ मध्ये किरकोळ पोलीस नोंदींवरून बऱ्याच विद्यार्थ्यांचे रेकॉर्ड बंद केले गेले होते, कोर्टात आव्हानं गेल्यावर ते परत चालू झाले. ग्रीन कार्डवाल्याला नागरिकत्वाच्या अर्जात अलीकडच्या काळातल्या ड्रंक ड्रायव्हिंगच्या दोन शिक्षा असल्या तर 'चांगल्या चारित्र्या'ची अट पुरी होत नाही असंच धरून चालतात. २०१९ च्या ॲटर्नी जनरलच्या निर्णयानंतर ती पुरी होते हे सिद्ध करायचं ओझं अर्जदारावर आहे. एकाच शिक्षेवर प्रवेशबंदी घालणारं विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने जून २०२५ मध्ये संमत केलं. सिनेटची मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांची सही झाल्याशिवाय ते कायदा नाही, पण वकिलाला विचारायच्या यादीत ते असू द्या. कॅनडा याबाबत अमेरिकेपेक्षा कडक आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथे या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे, त्यामुळे तो 'गंभीर गुन्हेगारी'त मोडतो आणि एकाच शिक्षेवर सीमेवरून परत पाठवतात. शिक्षा पुरी झाल्यावर पाच वर्षांनी पुनर्वसनाचा अर्ज करता येतो. एच-१बीला कंटाळून टोरोंटोला जायचं मुलाच्या डोक्यात असेल तर हे आधी वाचावं.

आणि केसचा निकाल लागून, रजा मिळून, तो लग्नाला आलाच, तर हळदीच्या रात्री गाडीची चावी त्याच्या हातात देऊ नका. घोडबंदर रोड किंवा पाम बीचवर नाकाबंदीत सापडला तर कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि आपली मर्यादा ३० मिलिग्रॅम, म्हणजे एका लार्जलाही ती ओलांडली जाऊ शकते. मॅजिस्ट्रेटपुढे गुन्हा कबूल करून दंड भरला की आपल्याकडे लोक "पावती फाडली" म्हणतात. परदेशी फॉर्मवर ती शिक्षा असते. दहा वर्षांतल्या दोन अटकांचं गणित करताना कोणी ठाणे आणि एडिसन असा भेद करत नाही.

तो नाही आला तर कानपिळीला चुलतभाऊ, मामेभाऊ चालतो. लाह्या द्यायलाही चालतो. गुरुजींना विचारा, ते हसून हो म्हणतील.

आता आज करायचं एक काम. मुलाचा पहिला फॉर्म वाशीच्या एजंटाने भरला असं तुम्ही लिहिलंय. वकिलातीचं पत्र त्या फॉर्मवर दिलेल्या ईमेलवर जातं. बरेच एजंट तिथे स्वतःचाच पत्ता टाकतात, काही जण वडिलांचा. मुलाकडून त्या फॉर्मची प्रत मागवा आणि पत्ता कोणाचा आहे ते बघा. तुमचा असेल तर जानेवारीपासूनचं स्पॅम उघडून शोधा. एजंटाचा असेल तर साठ हजारांचं बोलणं काढण्याआधी त्याने काही वाचलंय का, ते त्याला समोर बसवून विचारा.